पट्टा तुटला म्हणून घड्याळ टाकू नका



दर वेळी आम्ही बोलायला बसलो की कर्ज, हप्ता, बँक, शेळी, शिलाई असले विषय असतात. आज बोलायचंय ते मनगटी घड्याळावर, आणि त्यातही घड्याळाच्या पट्ट्यावर. हसू नका. विषय लहान दिसतो, पण मागच्या वर्षभरात आमच्या एका गटाच्या चार-पाच बैठका याच विषयावर झाल्या. एका घरातलं सामान कवडीमोलानं जाता जाता राहिलं, आणि एक बाई बाजारात स्वतःच्या टेबलावर बसायला लागली. म्हणून म्हटलं, सगळ्यांना सांगावं.

आधी एक प्रश्न. तुमच्या घरात बंद पडलेली किंवा पट्टा तुटलेली घड्याळं किती आहेत? कपाटाचा वरचा खण, शिलाई मशीनचा ड्रॉवर, देवघराखालची पेटी आठवून बघा. आम्ही हाच प्रश्न एका गटात विचारला, तर 12 जणींच्या घरांत मिळून 31 घड्याळं निघाली. त्यातली बरीचशी घड्याळं बिघडलेली नव्हतीच. पट्टा तुटला म्हणून काढून ठेवली, आत सेल संपला, मग सगळ्यांनी समजून घेतलं की घड्याळ गेलं. तर आजची आमची गोष्ट एवढीच आहे: पट्टा हा घड्याळाचा सगळ्यात स्वस्त भाग आहे, तोच सगळ्यात आधी जातो, आणि तो बदलणं आपल्या हातातलं काम आहे.

आता घड्याळ बाईचं की पुरुषाचं, हेही थोडं बघू. आपल्याकडं लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ द्यायची रीत होती. नवऱ्या मुलाच्या मनगटावर मांडवातच घड्याळ बांधायचे. मुलीच्या हातात बांगड्या. वेळ बघायचं काम त्याचं, वेळेवर सगळं करायचं काम तिचं! पण मनगटी घड्याळाची सुरुवात बघितली तर ती बाईपासून होते. 1810 मध्ये नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिनं पॅरिसच्या ब्रेगे या नामांकित घड्याळजीकडून मनगटावर बांधायचं घड्याळ करून मागितलं. त्याचा पट्टा केसांचा आणि सोन्याच्या तारेचा गुंफलेला होता. त्यानंतर शंभर वर्षं मनगटी घड्याळ हा बाईचाच दागिना मानला जायचा. पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालून वेळ बघणं जमेना, तेव्हा त्यानं घड्याळ मनगटावर बांधलं आणि मग ते पुरुषांचं झालं.

आपल्या देशात घड्याळ सामान्य घरात आलं ते एचएमटीमुळं. सरकारच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या कंपनीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं 1961 मध्ये बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. गंमत बघा, हुंडाबंदीचा कायदाही 1961 चाच. कायदा एका बाजूला राहिला आणि जावयाच्या हातात एचएमटी आलं. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना पाठ असतील. बायकांसाठी लहान तबकडीचं सुजाता होतं. ही घड्याळं सेलवर चालत नाहीत, बहुतेकांना रोज चावी द्यावी लागते. पुढं 1984 मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळानं मिळून टायटन कंपनी उभी केली, सेलची घड्याळं घरोघर आली, आणि एचएमटी मागं पडत गेली. 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे आपल्या कपाटात जे जुनं एचएमटी पडलंय, ते सहज परत मिळणारं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

आता आमच्या गटातल्या ताईंची गोष्ट. त्यांचे यजमान आपल्या अंबाजोगाईच्या मंडी बाजारात एका दुकानाच्या पायरीशेजारी लाकडी टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग, पुढं काचेची पेटी, पेटीत पट्टे टांगलेले. ते आजारपणात गेले. चार महिने टेबल घरात उलटं पडलं होतं. त्यासोबत एक बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा होता, घड्याळांनी भरलेला. एके दिवशी बाहेरगावचा एक माणूस चौकशी करत घरी आला आणि म्हणाला, ‘सगळा डबा द्या, 3500 रुपये देतो. भंगारच आहे.’ ताईंना पैशाची गरज होती. दीर म्हणाले, देऊन टाका. ताई त्या दिवशीच्या गटाच्या बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, ‘मला काहीच कळत नाही, पण ह्यांच्या हाताचं आहे, एकदा तुम्ही बघा.’

आम्ही त्यांना म्हटलं, आठ दिवस थांबा. पुढच्या बैठकीला डबा आणला, सतरंजीवर पांढरं धोतर अंथरलं आणि एकेक घड्याळ बाहेर काढलं. 43 घड्याळं होती. त्यांतल्या 17 घड्याळांना दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर यजमानांच्या अक्षरात गिऱ्हाईकाचं नाव आणि गाव. ताईंनी ती 17 लगेच बाजूला केली. म्हणाल्या, ‘ही लोकांची आहेत. ही मी विकू शकत नाही.’ उरलेल्यांत 11 नुसते सुटे भाग होते, कुणाची काच नाही, कुणाचे काटे नाहीत. आणि 15 घड्याळं त्यांच्या यजमानांनी स्वतःसाठी जमवलेली होती. कुणी मोडीत दिलेलं, कुणी दुरुस्तीच्या पैशांऐवजी दिलेलं. त्यांचा तो संग्रह होता, आणि घरात कुणाला माहीत नव्हता.

त्या 15 मध्ये एचएमटीची नऊ निघाली. हैदराबादच्या ऑलविन कंपनीची दोन, स्वित्झर्लंडचं फेवर ल्युबा एक, आणि एक खूप जुनं वेस्ट एंड, त्याच्या तबकडीवर इंग्रजीत सोवार असं लिहिलेलं. सोवार म्हणजे आपला स्वार. ही कंपनी स्विस घड्याळं मुंबईत आणून विकायची आणि सैनिकांमध्ये ती फार चालायची. निजामाच्या काळात आपल्या गावाला मोमिनाबाद म्हणत आणि इथं घोडदळाची छावणी होती, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. ते घड्याळ छावणीतूनच आलं असं आम्ही म्हणत नाही. पण अशी घड्याळं आपल्या भागातल्या पेट्यांमधून निघतात, एवढं मात्र आम्ही डोळ्यांनी बघितलं.

इथं सगळ्यांसाठी काही गोष्टी सांगतो. जुनं घड्याळ कुणी विकत मागितलं तर घाई करू नका. आधी ते कोणतं आहे ते वाचा. चालू आहे का बघा. तबकडी मूळची आहे का ते बघा. हल्ली जुन्या एचएमटीच्या तबकड्या पुसून त्यावर भडक रंग आणि नवी नावं छापून घड्याळं विकतात. त्यामुळं ज्यांना जुनी घड्याळं जमवायचा नाद आहे ती माणसं डाग पडलेली पण मूळची तबकडी जास्त पसंत करतात. म्हणून कुणी म्हणालं ‘तबकडी नवी करून देतो, चकाचक करून देतो’, तर नको म्हणा. घड्याळाची डबीही घासून पॉलिश करू नका. तिच्यावरची बारीक अक्षरं आणि कडा झिजतात. बदलायचा तो फक्त पट्टा. पट्टा नवा असला तरी घड्याळाचं मोल कमी होत नाही. मात्र मूळचा पट्टा किंवा मूळचं कंपनीचं बक्कल असेल तर ते फेकू नका, कागदात गुंडाळून घड्याळासोबत ठेवा.

आता पट्टा निवडायचा कसा? दुकानात गेलं की आपण रंग बघतो. आधी माप बघायचं. घड्याळाच्या डबीला वर दोन आणि खाली दोन असे कान असतात. दोन कानांच्या मधल्या अंतराला पट्ट्याचं माप म्हणतात. शाळेच्या कंपासमधली पट्टी घ्या आणि कानाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या कानाच्या आतल्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. पुरुषांच्या घड्याळांत बहुतेक करून 18, 20 किंवा 22 असतं. जुन्या एचएमटी जनताला 18 चा पट्टा लागतो. बायकांच्या घड्याळांत 8, 10, 12, 14 अशी मापं येतात. 18 च्या कानात 20 चा पट्टा दाबून बसवला तर तो दुमडतो. 16 चा बसवला तर तो डावी-उजवीकडं सरकत राहतो आणि मधली पिन वाकते. माप वहीत लिहून दुकानात जा, म्हणजे कुणी काहीही गळ्यात मारणार नाही.

मग बघायचं आपलं काम. पट्टा कामाप्रमाणं घ्यावा, लग्नातल्या फोटोप्रमाणं नाही. चामड्याचा पट्टा दिसायला छान, हाताला मऊ, पण त्याला पाणी आणि घाम चालत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये 40 च्या वर पारा जातो. रोज घामात भिजलेलं चामडं कडक होतं, वास मारतं आणि भोकाजवळ तुटतं. ज्या ताई ऑफिसात, शाळेत बसून काम करतात त्यांना चामडं ठीक. भांडी, धुणं, शेतातलं काम करणाऱ्यांनी नायलॉनचा विणलेला पट्टा घ्यावा. तो स्वस्त असतो, धुता येतो, लवकर वाळतो. त्यातही एक सलग लांब पट्टीचा प्रकार असतो. ती पट्टी दोन्ही पिनांच्या खालून आणि घड्याळाच्या पाठीवरून जाते. एखादी पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेला लटकून राहतं, खाली पडत नाही. ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं 1973 मध्ये आपल्या सैनिकांसाठी असाच पट्टा ठरवला होता. आपल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना आम्ही हाच सुचवतो. मोळी उचलताना मात्र कोणतंही घड्याळ हातात नको. ते काढून पिशवीत ठेवावं.

रबरासारखे दिसणारे पट्टेही खूप येतात. त्यातला सिलिकॉनचा मऊ असतो आणि टिकतो. हलक्या प्लास्टिकचा वर्ष-दोन वर्षांत चिकट होतो किंवा त्याला भेगा पडतात. तो पडून राहिला तरी खराब होतो, म्हणून स्वस्त मिळाला तरी डझनानं साठवू नका.

आणि स्टीलची चेन. चेन टिकाऊ, पाण्याला घाबरत नाही, पण ती खरोखर स्टीलची पाहिजे. पितळेवर मुलामा दिलेली चेन घामानं झिजते आणि मनगटावर काळा-हिरवा डाग पडतो. काही जणींना तिथं खाज येते, पुरळ येतं. नकली दागिन्यांनी कान चिघळतात ना, तसंच हे. धातूत निकेल असतं, ते घामात उतरतं आणि काहींच्या कातडीला सोसत नाही. युरोपात 1994 मध्ये यासाठी नियम केला की कातडीला सतत लागणाऱ्या दागिन्यांतून आणि घड्याळाच्या पट्ट्यांतून ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त निकेल बाहेर पडता कामा नये. ज्या ताईंना नकली कानातल्यानं त्रास होतो त्यांनी मुलाम्याची चेन घेऊच नये. नायलॉन किंवा कापडी पट्टा घ्यावा. पुरळ आलंच तर घड्याळ काढून ठेवा, आणि आठवड्यात बरं झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा. वरून पावडर लावून तीच चेन घालत राहू नका.

आता बदलायचं कसं ते सांगतो. हे काम घरी होतं. टेबलावर जाड टॉवेल अंथरा, म्हणजे काच घासणार नाही आणि पिन उडाली तर सापडेल. घड्याळ पालथं ठेवा. पट्टा आणि कान यांच्या फटीत बघितलं तर बारीक पिन दिसते. तिच्या आत स्प्रिंग असते, म्हणून ती दाबली की आखूड होते. ती दाबायचं एक छोटं हत्यार मिळतं, त्याच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच असते. ते नसेल तर चष्म्याचा बारीक पेचकस चालतो. स्वयंपाकघरातली सुरी घेऊ नका, ती सटकते आणि बोटही कापतं. पिनेचं टोक आतल्या बाजूला दाबा आणि पट्टा हळूच ओढा, सुटतो.

नवा बसवताना बक्कलवाला आखूड तुकडा बाराच्या आकड्याकडं आणि भोकांचा लांब तुकडा सहाच्या आकड्याकडं. पिन पट्ट्यात घाला, एक टोक कानाच्या भोकात बसवा, दुसरं दाबून आत सरकवा. टक् असा आवाज आला की बसली. मग पट्टा दोन्ही बाजूंनी जरा जोरानं ओढून बघा. आता ओढून निघाला तर बरं, रस्त्यात निघाला तर घड्याळ गेलं. आणि पट्टा बदलताना पिनाही नव्या घाला. काही रुपयांची वस्तू आहे, पण घड्याळ पडतं ते बहुतेक वेळा जुन्या गंजलेल्या पिनेमुळं. फार जुन्या घड्याळांत ही पिन सुटी नसते, दांडी कायमची जोडलेली असते. तिथं ओढाताण करू नका. त्याला वर सांगितलेली सलग नायलॉनची पट्टी बरोबर बसते.

मनगट बारीक असेल तर पट्ट्याला जादा भोक लागतं. खिळा तापवून भोक पाडू नका, चामडं जळून तिथूनच फाटतं. चप्पल दुरुस्त करणाऱ्या दादांकडं भोक पाडायचा पंच असतो, त्यांच्याकडून पाडून घ्या.

चेन मोठी होत असेल तर तिच्या कड्या काढाव्या लागतात. चेनच्या आतल्या बाजूला कड्यांवर बारीक बाण असतात. बाणाच्या दिशेनं पिन ढकलून बाहेर काढायची, आणि परत बसवताना बाणाच्या उलट दिशेनं आत घालायची. हे उलटं केलं तर पिन सैल बसते. दोन्ही बाजूंच्या सारख्याच कड्या काढा, म्हणजे मधला खटका मनगटाच्या खाली बरोबर मध्ये येतो. घातल्यावर चेनखाली करंगळी जाईल एवढी जागा हवी. उन्हाळ्यात हात फुगतात, म्हणून फार आवळून करू नका. निघालेल्या कड्या आणि पिना एका पुडीत ठेवा. सासूबाईंची चेन सुनेला, सुनेची मुलीला जाते, तेव्हा त्याच कड्या लागतात.

निगा म्हणाल तर सोपी आहे. रात्री घड्याळ काढलं की पट्टा कोरड्या फडक्यानं पुसा आणि हवेवर ठेवा. चामड्याचा पट्टा भिजला तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नाही. चेन महिन्यातून एकदा घड्याळापासून वेगळी करून कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या मऊ ब्रशनं घासा, कड्यांमधला मळ निघतो. घड्याळ मात्र पाण्यात घालू नका. तबकडीवर 30 मीटर पाणी चालतं असं लिहिलेलं असलं तरी ते हात धुताना उडणाऱ्या थेंबांपुरतंच समजा. बंद ठेवलेल्या घड्याळातला सेल काढून घ्या. संपलेला सेल आत फुटला की त्याचं पाणी मशीन खातं. चावीचं घड्याळ रोज एका ठरल्या वेळी चावी द्या, चावी घट्ट लागली की थांबा. आणि ते मोबाईलच्या चुंबकाच्या कव्हरजवळ किंवा स्पीकरवर ठेवू नका. आतल्या स्प्रिंगला चुंबक लागलं की घड्याळ पुढं पळायला लागतं.

परत ताईंकडं येऊ. 17 चिठ्ठ्यांची माणसं शोधायला दोन महिने लागले. निरोप पाठवले, बाजाराच्या दिवशी ताईंनी टेबल मांडून ती घड्याळं समोर ठेवली. 11 जण आले. त्यातल्या आठ घड्याळांना फक्त सेल आणि पट्टा लागत होता. सेलची पाठ उघडायचं काम ताईंनी यजमानांना करताना वर्षानुवर्षं बघितलं होतं. पट्टे बदलायला त्या आमच्यासमोर टॉवेलवर शिकल्या. मशीनचं काम असेल तर त्या सरळ सांगतात, ‘हे मला येत नाही’, आणि यजमानांच्या ओळखीच्या दुसऱ्या घड्याळजीकडं पाठवतात. एक मावशी त्यांच्या मालकांचं घड्याळ न्यायला आल्या होत्या. त्यांनी पैसे किती हे विचारायच्या आधी घड्याळ कानाला लावलं आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

त्या दिवसानंतर ताई म्हणाल्या, टेबल परत मांडते. घरी विरोध झाला. बाईनं बाजारात टेबल मांडून बसू नये, असं दिरांचं म्हणणं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पहिला आठवडाभर त्या स्वतः स्टूल घेऊन सुनेच्या शेजारी बसल्या. मग बोलणारे गप्प झाले.

गटातही सगळ्या लगेच हो म्हणाल्या असं नाही. एकीनं विचारलं, ‘मोबाईलच्या काळात घड्याळ कोण घालतं? आपले पैसे बुडाले तर?’ प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही बसून यादी केली. दहावी-बारावीच्या परीक्षेला मोबाईल आत नेता येत नाही, मुलांना साधं घड्याळ लागतं. आपल्या गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं शिकणारी मुलं-मुली आहेत, सिस्टर आहेत. नाडी मोजायला सेकंद काटा लागतो. आणि हल्लीच्या स्मार्ट घड्याळांचेही पट्टे तुटतात. त्यातल्या पुष्कळ घड्याळांना साधा 20 किंवा 22 चाच पट्टा बसतो. लोकांना ते माहीत नसतं, म्हणून हजार-दोन हजारांची वस्तू पडून राहते. हे सगळं मोजल्यावर गटानं 6000 रुपयांचं अंतर्गत कर्ज मंजूर केलं. व्याज महिन्याला दोन टक्के, उरलेल्या मुद्दलावर. 600 रुपये मुद्दलाचे 10 हप्ते. हिशोब करून बघा, सगळं मिळून व्याज 660 रुपये होतं, आणि तेही गटातच राहतं. सावकाराच्या दारात त्याचे किती झाले असते ते तुम्हाला सांगायला नको.

त्या 6000 मध्ये ताईंनी 18, 20, 22 चे पुरुषांचे पट्टे, 12 आणि 14 चे बायकांचे, वेगवेगळ्या मापांच्या पिना, हत्यारांचा छोटा संच आणि सेल घेतले. आम्ही एकच अट घातली होती, सगळे पट्टे एका रंगाचे आणि एका मापाचे घ्यायचे नाहीत. धंदा मोठा नाही, हे आम्ही लपवत नाही. एखाद्या दिवशी 300 रुपये सुटतात, एखाद्या दिवशी 100 सुद्धा नाहीत. त्या सोबत शिलाईही करतात. पण आठ हप्ते वेळेवर आलेत. आणि त्या 15 घड्याळांपैकी चार त्यांनी नीट चौकशी करून विकली. सगळ्या डब्याला जेवढे मिळत होते त्याहून जास्त पैसे त्या चारांचे आले. मुलीची कॉलेजची फी भरली. बाकीची 11 घरी आहेत, प्रत्येकाला नवा पट्टा आहे, आणि वेस्ट एंड मुलगी कुणाला हात लावू देत नाही.

तुम्ही म्हणाल, पट्ट्याच्या कामावर बायकांचा संसार चालतो का? तमिळनाडूत होसूरला टायटनचा कारखाना आहे. त्या भागात मायराडा नावाच्या संस्थेनं खेड्यातल्या बायकांचे बचत गट बांधले. त्या बायकांनी पुढं मेडो नावाची स्वतःची कंपनी उभी केली, आणि टायटनच्या घड्याळांच्या धातूच्या पट्ट्यांची कडी-कडी जोडायचं काम घेतलं. त्यातल्या किती जणींनी आधी घड्याळ घातलं असेल? पण काम शिकल्या आणि कंपनीच्या मालकही झाल्या. आपल्या अंबाजोगाईत कारखाना नाही. आपल्याकडं तुटलेले पट्टे आहेत, आणि तेही काम आहे.

आता तुमच्यासाठी काम. पुढच्या गटाच्या बैठकीआधी घरातली सगळी घड्याळं एका ताटात काढा. एका वहीत लिहा: घड्याळ कुणाचं, कुठून आलं, तबकडीवर नाव काय, कानाचं माप किती, पट्टा कसा आहे, सेलचं की चावीचं. गटाची नोंदवही ठेवतो तशी ही घराची नोंदवही. मोठ्या माणसांना विचारूनच लिहा, कारण कुणाचं ते फक्त त्यांनाच माहीत असतं. वही आणि घड्याळं बैठकीला घेऊन या, आम्ही हत्यार आणि टॉवेल आणतो. आणि घरात मुलगी असेल तर पहिला पट्टा तिलाच बसवू द्या.